फाल्गुन-चैत्रात नाशिकच्या कोरड्या डोंगरांत फुलं शोधायची तर

फुलांचा डोंगर म्हटलं की सगळ्यांना श्रावण-भाद्रपद आठवतो. तेरडा, सोनकी, हिरवीगार पठारं. मार्चमध्ये नाशिकच्या पूर्वेकडच्या डोंगरात गेलेला नवा माणूस मात्र बहुतेक वेळा हात हलवत परत येतो आणि सांगतो, "तिकडे काही नाही, सगळं जळून गेलंय." त्याची नजर पायाखाली असते, आणि या दिवसांत फूल जमिनीवर क्वचितच मिळतं. ते वर, निष्पर्ण फांदीवर असतं. नाहीतर नाळेच्या, म्हणजे डोंगरातल्या अरुंद घळीच्या, काठाला, कातळाच्या फटीत किंवा शेताच्या कुंपणात. पावसाळ्यात फुलं आपल्याला शोधत येतात. उन्हाळ्याच्या तोंडावर आपल्याला त्यांच्याकडे जावं लागतं, आणि त्यासाठी डोंगर वाचता यावा लागतो. हा लेख त्यासाठी आहे.

आधी डोंगर समजून घ्या

नाशिक जिल्ह्यात पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने कमी होतो. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर चांदवड, नांदगाव, येवला या पट्ट्यात पाच-सहाशेवर समाधान मानावं लागतं. सह्याद्रीची मुख्य धार ढगांचं पाणी आधीच उतरवून घेते, उरलेलं पूर्वेला येतं. सातमाळ रांग या दोन टोकांच्या मधोमध आडवी पसरलेली आहे. अचला, अहिवंत, सप्तशृंगी, मार्कंड्या, रवळ्या-जावळ्या, धोडप, कांचना, राजदेहेर, इंद्राई, चांदवड अशी ती पूर्वेकडे जाते आणि मनमाडजवळच्या अणकाई-टणकाईपाशी संपते. पश्चिम टोकाला नाळांमध्ये थोडी सावली शिल्लक असते. पूर्वेकडे सरकाल तसे तरवड, हिवर आणि निवडुंग वाढत जातात.

रांग पूर्व-पश्चिम असल्याचा आपल्याला फार मोठा फायदा आहे. मार्चमध्ये सूर्य आकाशात दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दिंडोरी-निफाडकडची दक्षिण उतरण दिवसभर भाजते आणि कळवण-देवळ्याकडच्या उत्तर उतरणीला ऊन तिरपं लागतं. उत्तर बाजूला ओल जास्त टिकते आणि झाडी दाट असते. दक्षिण बाजूला झाडं विरळ असतात, पण खडकाळ उन्हात वाढणारी खास झाडं तिथेच भेटतात. एकाच डोंगराच्या दोन बाजूंना दोन वेगळी फुलं मिळतात, हे पहिल्याच फेरीत लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट थरांची. हे सगळे डोंगर लाव्हाच्या आडव्या थरांचे आहेत. उभा कडा, मग माची, म्हणजे सपाट टप्पा, पुन्हा कडा, पुन्हा माची. दोन थरांच्या सांध्यात पुष्कळदा लालसर मातीचा पट्टा असतो आणि पावसात मुरलेलं पाणी तिथून पाझरतं. मार्चमध्ये हा पाझर डोळ्यांना दिसणार नाही, पण कड्याच्या तळाशी एका ओळीत झाडं उभी दिसली की समजायचं, पाणी इथे आहे. फुलं शोधायला सुरुवात त्या ओळीपासून करा.

आठवडा कोणता?

सगळी फुलं एकाच रविवारी बघायची हौस असेल तर ती सोडून द्या. प्रत्येक झाडाची वेळ वेगळी असते, आणि आदल्या पावसाळ्यावर आणि थंडीवर ती आठ-पंधरा दिवस मागेपुढे होते. ढोबळ अंदाज असा:

जानेवारी-फेब्रुवारीत कहांडोळ फुलतो आणि काटेसावर सुरू होते. फेब्रुवारीत काटेसावर आणि पांगारा जोरात असतात, धायटी लाल होऊ लागते. फेब्रुवारीअखेर ते मार्च हा पळसाचा काळ. होळीला तो हमखास असतो आणि रंगपंचमीला शहरात रहाडी, म्हणजे रंगाचे जुने हौद, उघडतात तोवर बराचसा टिकतो. मार्चमध्ये गणेर, म्हणजे सोनसावर, आणि कुंपणांवर वाघाटी. मार्चच्या शेवटाला मोह. एप्रिलमध्ये करवंदीच्या जाळ्या, दोन्ही कुडे आणि शेवटी बहावा.

एकच दिवस काढता येत असेल तर होळीच्या आधीचा किंवा नंतरचा रविवार धरा. त्या सुमारास काटेसावरीची शेवटची फुलं, ऐन भरातला पळस, धायटी आणि गणेर अशी चारही एका फेरीत मिळण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. रामनवमी ते चैत्र पौर्णिमा या दिवसांत वणी-नांदुरीकडे मात्र जाऊ नका. चैत्रोत्सवासाठी खानदेशातून आणि जिल्हाभरातून भाविक पायी सप्तशृंगी गडावर येतात, रस्ते भरलेले असतात. त्या आठवड्यात पूर्वेकडे चांदवड-मनमाडकडे वळा.

पहिल्या तीन फेऱ्या

पहिली फेरी शहराजवळ करा. पेठ रस्त्यावरचा रामशेज त्यासाठी उत्तम. पायथ्याला आशेवाडी गाव आहे, वाट मळलेली आहे, वर पायऱ्या आहेत आणि चुकायची भीती नाही. माथ्यापेक्षा पायथा जास्त फिरा. शेतांच्या बांधांवर पळस, कुंपणांत वाघाटी, ओढ्याच्या काठाला धायटी शोधायची. शेजारचा बोरगड मोह घालतो, पण त्याच्या माथ्यावर हवाई दलाचं ठाणं आहे. तिकडे कॅमेरा घेऊन जायचं नाही.

दुसरी फेरी चांदवड परिसरात. मुंबई-आग्रा महामार्गाने गेलं की रेणुकामातेच्या मंदिरापासूनच डोंगर सुरू होतो, आणि आत राजदेरवाडीकडे गेलं की इंद्राई आणि राजदेहेर समोरासमोर उभे असतात. दोन डोंगरांच्या मधल्या खिंडीत उभं राहून दोन्हीकडच्या उतरणी दुर्बिणीने न्याहाळता येतात. नजर तयार करायला याहून चांगली जागा नाही.

तिसरी धोडप, हट्टी गावाकडून. इथे अर्ध्या दिवसाची मर्यादा पाळणं कठीण जातं, म्हणून आधीच्या दोन फेऱ्यांनंतरच जा, आणि फुलांसाठी आलो असू तर सोनारमाचीपर्यंतच जायचं हे निघतानाच ठरवा. माथा गाठायचा हट्ट धरला की फुलं मागे राहतात आणि पाणी संपतं.

रस्त्यावरूनच अर्धं काम

नवखे लोक थेट वाटेला लागतात आणि तिथेच चुकतात. चढायच्या आधी पायथ्याच्या रस्त्यावर वीस मिनिटं थांबा. ८ बाय ४० किंवा ८ बाय ४२ची दुर्बीण पुरेशी आहे. दहापट मोठं करणारी दुर्बीण हातात थरथरते, तिच्या मागे लागू नका.

डोंगर डावीकडून उजवीकडे, एकेका थराने बघा. आधी सर्वांत खालचा पट्टा, मग पहिल्या कड्याचा तळ, मग माची. वाळलेल्या गवताचा रंग तांबूस-पिवळा असतो आणि त्यात केशरी रंग लांबून चटकन उठत नाही. म्हणून रंगाच्या आधी आकार शोधा. आडव्या फांद्यांचे मजले असलेलं सरळ खोडाचं झाड म्हणजे काटेसावर. वेडंवाकडं, गाठाळ, बुटकं झाड आणि त्यावर काजळी लागल्यासारखे काळपट झुबके, तर तो अजून न उमललेला पळस. उघड्या कातळावर चुना फासल्यासारखं पांढरं खोड चमकलं तर कहांडोळ. चांदण्या रात्री ते भुतासारखं दिसतं, म्हणून त्याला भुत्या असंही म्हणतात.

दिसलेल्या प्रत्येक झाडाची खूण मोबाइलच्या नकाशावर टाका, किंवा वहीत डोंगराची बाह्यरेषा काढून त्यावर ठिपके द्या. आम्ही वहीच सुचवू. वर गेल्यावर डोंगर खालून दिसला तसा दिसत नाही आणि नकाशावरचा ठिपका कड्याच्या वर आहे की खाली ते कळत नाही. रेखाटनावर कळतं. त्यातली वाटेपासून पाच-दहा मिनिटांत पोहोचता येतील अशी तीन-चार झाडं निवडा. बाकीची दुर्बिणीतूनच बघायची.

पिशवीत काय, अंगावर काय

पाणी माणशी तीन लिटर, एप्रिलमध्ये चार. किल्ल्यांवरच्या टाक्यांवर भरवसा ठेवू नका. मार्चपर्यंत बरीच टाकी तळाला जातात किंवा हिरवी होतात, आणि जे पाणी उरतं त्यावर माकडं, पक्षी आणि गुराखी अवलंबून असतात. एक लिटर पाणी गाडीत ठेवा, परतल्यावर लागतंच. क्षारसंजीवनीची दोन पाकिटं असू द्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ त्याहून जास्त टाकू नका.

कपड्यांत महत्त्वाचं म्हणजे पायाचा खालचा भाग. फेब्रुवारीनंतर उतरणींवरच्या कुसळी गवताचं बी सुटलेलं असतं. एक कुसळ तळहातावर घेऊन बघा. खाली सुईसारखं टोकदार बी, त्यावर मागे वळलेले बारीक केस, आणि वर पिळलेली लांब शेपटी. ओल लागली की शेपटीचा पीळ सुटतो आणि बी गिरमिटासारखं फिरत आत घुसतं. ही सोय जमिनीत शिरण्यासाठी आहे, पण घामाने ओला झालेला सुती मोजाही त्याला चालतो. म्हणून गुळगुळीत कापडाची लांब पँट घाला आणि तिची कड बुटाच्या बाहेर ठेवा. जुन्या पँटचे गुडघ्याखालचे भाग कापून बुटावरून चढवले आणि खाली नाडी बांधली तरी काम होतं. लोकरी मोजे नकोत.

बुटाचा तळ खोल खाचांचा हवा. सोबत एक काठी, काठाची टोपी, लांब बाह्यांचा सुती सदरा, दहापट भिंग, लहान चिमटा, रुंद चिकटपट्टी आणि शिट्टी. अत्तर, सुगंधी तेल, डिओ यांतलं काहीही त्या दिवशी लावू नका. कारण पुढे येतं.

चढताना

मार्चच्या मध्यात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो. साडेसहाला, दिसू लागताच, पायथा सोडा. त्याआधी अंधारात नको, कारण पायथ्याच्या शेतांतून बिबट्याचा वावर असतो. एकट्याने जाऊ नका, तीन ते पाच जणांचा गट बरा. गावात निघताना कुठे चाललोय ते एखाद्या घरी सांगून ठेवा आणि वाटेची चौकशीही करा. दादा, मावशी म्हणून विचारलं की वाट तर कळतेच, शिवाय "सावर त्या नाळेत हाये" असा नेमका पत्ताही मिळतो. पळस आणि सावर कुठे फुलली ते गुराख्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

दहा वाजता जिथे असाल तिथून परत फिरा आणि साडेअकराच्या आत खाली या. हे फक्त उन्हासाठी नाही. फुलांवर पक्ष्यांची गर्दी पहिल्या दोन-अडीच तासांत असते, नंतर झाड शांत होतं.

या दिवसांतला सर्वांत फसवा भाग म्हणजे मुरमावर पसरलेलं वाळकं गवत. दिसायला मऊ, पण पाय ठेवला की गवत घसरतं आणि खालचे खडे गोट्यांसारखे सरकतात. चढताना त्रास होत नाही, उतरताना होतो. टाच रोवून, गुडघे किंचित वाकवून, नागमोडी उतरा, आणि आधारासाठी गवत धरू नका. झाडाजवळ जाण्यासाठी वाट सोडायची असेल तर चढाच्या दिशेने सोडा. उतरणीवर वाट सोडलेला माणूस पुढे कड्याच्या तोंडावर येऊन अडकतो.

दगड उचलून बघायची सवय असेल तर ती घरी ठेवा. फुरसं याच कोरड्या, दगडाळ भागातलं. ते लहान असतं, मातीच्या रंगाचं असतं आणि दगडाखाली किंवा कपारीत बसतं. कपारीतलं रोप बघायचं तर आधी काठीने ठोका, मग वाका, हात आत घालायचा नाही. साप चावलाच तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काहीही न करता तो अवयव हलू न देता माणसाला खाली आणा आणि १०८ला फोन करा.

तीन लाल झाडं वेगळी कशी ओळखायची

पळस, पांगारा आणि काटेसावर यांत सुरुवातीला सगळ्यांचाच घोळ होतो. तिन्ही निष्पर्ण, तिन्ही लालसर. पुस्तकातलं चित्र जुळवत बसण्यापेक्षा क्रमाने चार गोष्टी बघा.

खोड बघा. काटेसावरीच्या खोडावर, विशेषतः तरुण झाडाच्या, शंकूसारखे जाड काटे असतात. पांगाऱ्याला लहान, काळपट, तीक्ष्ण काटे असतात. पळसाला काटे नाहीतच, त्याची साल खडबडीत आणि राखाडी असते.

मग खाली पडलेलं फूल उचला. काटेसावरीचं फूल जड, वाटीसारखं, पाच मांसल पाकळ्यांचं असतं आणि आत पुंकेसरांचा दाट झुपका असतो. ते पडतं तेव्हा आवाज येतो. पांगाऱ्याचं फूल लांबट असतं, फांदीच्या टोकाला आडव्या कणसासारखा त्याचा घोस येतो आणि एक मोठी पाकळी बाकीच्यांना झाकते. पळसाचं फूल तळहातावर ठेवून सावकाश बघण्यासारखं आहे. खाली काळपट-तपकिरी मखमली पेला, बोट फिरवलं तर कापड लागतं. त्यातून निघालेल्या केशरी पाकळ्यांवर बारीक रुपेरी लव, म्हणून सकाळच्या तिरप्या उन्हात पळस पेटल्यासारखा न दिसता किंचित धुरकट दिसतो. पुढची पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वळलेली असते. ती अलगद उघडली की आत पुंकेसर दडलेले दिसतात, आणि बुडाशी मध. शिंजीर आणि मैना मधासाठी तिथे चोच घालतात तेव्हा पराग त्यांच्या डोक्या-गळ्याला लागतात. पुढच्या फुलावर ते घेऊन जाण्याचं काम आपोआप होतं.

तिसरी खूण पानांची. फुलांच्या वेळी झाडावर पान नसतं, पण खाली पडलेलं असतं. "पळसाला पानं तीनच" ही म्हण इथे अर्धीच उपयोगी पडते, कारण पांगाऱ्यालाही पर्णिका तीनच असतात. पळसाची जाड, चामड्यासारखी, पत्रावळीला वापरतात ती. पांगाऱ्याची पातळ. काटेसावरीच्या पाच ते सात, पंजासारख्या.

चौथी खूण जागेची. पळस सपाटीला, बांधांवर आणि पायथ्याच्या जड मातीत. काटेसावर ओढ्याच्या आसपास आणि नाळेच्या तोंडाशी. पांगारा मधल्या उतरणीवर.

पान टाकून फुलायचं कारणही समजून घेण्यासारखं आहे. पान असलं की त्यातून पाणी उडतं, म्हणून झाड ते टाकतं आणि खोडा-मुळातला साठा फुलाला देतं. पान नसल्यामुळे फूल पक्ष्यांना लांबूनही दिसतं. शिवाय फेब्रुवारी-मार्चमध्ये फुललं की एप्रिल-मेमध्ये बी तयार होतं, वळवाच्या आधीच्या वाऱ्यात उडतं आणि पावसाच्या तोंडावर जमिनीला टेकतं. सावरीचा कापूस आणि पळसाची चपटी, हलकी शेंग या दोन्ही त्याच वाऱ्यासाठी आहेत.

बाकीची फुलं

गणेर हे कोरड्या, खडकाळ उतरणीवरचं लहानसं झाड. पान एकही नाही आणि फांद्यांच्या टोकांना तळहाताएवढी झगझगीत पिवळी फुलं, मध्ये केशरट-पिवळ्या पुंकेसरांचा गुच्छ. दुपारी दोनलाही हे फूल डोळ्यात भरतं. दक्षिण उतरण दुर्बिणीने धुंडाळायची ती मुख्यतः याच्यासाठी.

कहांडोळाची फुलं मात्र लांबून दिसत नाहीत. ती बारीक, पिवळट-हिरवट आणि तांबूस असतात, शेंड्याला दाट झुपके. इथे बघायचं ते खोड: कागदासारखे पापुद्रे सुटणारं, गुळगुळीत, पांढुरकं. फळं लागली असतील तर हात लावू नका, त्यांच्यावरची लव टोचते आणि खाजते. खोडावर कुऱ्हाडीच्या जुन्या खाचा दिसतील. याचा डिंक विकला जातो आणि खोल घाव घातलेलं झाड पुढे वाळतं. जुनं, मोठं कहांडोळ आता कमीच भेटतं, म्हणून मिळालं तर त्याच्यापाशी थांबा.

धायटी म्हणजे ओढ्याकाठचं झुडूप. बोटाच्या पेराएवढी नळीसारखी लाल फुलं फांदीभर चिकटलेली असतात. शिंजीर बघायचे असतील तर धायटीपासून दहा पावलांवर गुपचूप बसा, पंधरा मिनिटांत येतात.

वाघाटीसाठी डोंगर चढावाच लागत नाही. शेताच्या कुंपणातला आकड्यांसारख्या काट्यांचा वेल शोधा. ताजं फूल पांढरं, त्यातून लांब नाजूक पुंकेसर बाहेर आलेले. शिळं होता होता ते गुलाबी-तांबडं होतं, म्हणून एकाच वेलावर दोन रंग दिसतात आणि नवखा माणूस दोन जाती समजून वहीत दोनदा लिहितो.

जमिनीलगत बघायचं तर भुईरिंगणीची जांभळी फुलं आणि उत्कटाऱ्याचे काटेरी गोल चेंडू सापडतील. उघड्या माचीवर लोकरीच्या गुंड्यासारखे भुईगेंदही दिसतील. पिवळा धोतरा सगळीकडे दिसतो, पण तो मूळचा मेक्सिकोकडचा, इथला रानटी समजू नका. एप्रिल-मेमध्ये रानकांद्याचा एकच उंच दांडा पानाशिवाय जमिनीतून वर येतो. तो दिसला की कांदा उकरून बघायचा मोह आवरा, तो विषारी असतो.

काय बिघडतं

सर्वांत मोठा धोका आग्या मोहोळाचा. फुलांचा हंगाम तोच मधमाश्यांचाही, आणि सातमाळचे कडे पुढे झुकलेले असल्याने पोळ्यांना सोयीचे. कड्याच्या छताखाली काळपट, अर्धगोल लोंबतं काही दिसलं की आवाज बंद, आणि शक्य तर वाट बदला. विडी-सिगारेट, धूर, दगड फेकणं, मोठ्याने हाका मारणं आणि उग्र वास यांनी माश्या उठतात. कधी एखाद्या शिकारी पक्ष्याने पोळ्यावर झडप घातली की आपली चूक नसतानाही उठतात. उठल्या तर हात झटकत उभं राहू नका. तोंड आणि डोकं कापडाने झाका आणि पाय सांभाळून लांब पळा, मोकळ्यावर न थांबता दाट झाडोऱ्यात किंवा बंद गाडीत शिरा. नांग्या नखाने लगेच खरवडून काढा, कारण जितका वेळ नांगी आत तितकं विष जास्त. पुष्कळ डंख झाले, श्वास लागला किंवा ओठ-चेहरा सुजला तर थेट दवाखाना गाठा.

खाजकुइलीची ओळख आधीच करून घ्या. वेलावर वळलेल्या, सोनेरी-तपकिरी लवेच्या शेंगा. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या वाळतात आणि लव वाऱ्यानेही उडते. अंगाला लागली तर चोळू नका, चोळल्याने केस आत जातात. चिकटपट्टी दाबून ओढा, दोन-तीनदा, मग पाण्याने धुवा. तो सदरा वेगळ्या पिशवीत.

ऊन हळूहळू चढतं, म्हणून ते लागल्याचं उशिरा कळतं. डोकं दुखणं, मळमळ, चालताना अडखळणं दिसलं की लगेच सावली, पाणी, ओलं फडकं मानेवर आणि काखेत. बोलण्यात असंबद्धपणा आला किंवा अंग तापून घाम थांबला तर तो उष्माघात आहे, १०८ला फोन करा आणि मदत येईपर्यंत अंग भिजवत राहा. मालेगावकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, हे तिकडचा बेत आखताना विसरू नका.

आणि वणवा. आग चढाकडे वेगाने धावते, माणसापेक्षा वेगाने. धूर खालून येत असेल तर वर चढू नका. आडवं सरका आणि उघडा कातळ किंवा आधीच जळून गेलेला पट्टा गाठा. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. आपण स्वतः चूल किंवा शेकोटी पेटवायची नाही. राखीव जंगलात आग लावणं १९२७च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे, आणि या महिन्यांत अख्खी उतरण जाळायला एक ठिणगी पुरते.

फोटो आणि नोंद

फक्त फुलाचा जवळून काढलेला फोटो ओळखीसाठी पुरत नाही. प्रत्येक झाडाचे सहा फोटो काढा: पूर्ण झाड, खोडाची साल, फूल समोरून, फूल बाजूने पेल्यासह, खाली पडलेलं पान, आणि आजूबाजूची उतरण. फुलाशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवलं की आकार कळतो. लाल आणि केशरी रंग मोबाइलच्या कॅमेऱ्यात भडकतात आणि पाकळ्यांवरच्या शिरा पुसल्या जातात. म्हणून पडद्यावरच्या फुलावर बोट ठेवून उजेड थोडा कमी करा, किंवा फुलावर आपली सावली पडू द्या.

वहीत तारीख, गाव, उतरण कोणत्या दिशेची, झाडावर कळ्या जास्त की फुलं की फळं, पान आहे का, आणि पक्षी-कीटक कोण आले, एवढं लिहा. नाव त्याच दिवशी कळलं नाही तरी चालेल, नोंद त्याच दिवशी व्हायला हवी.

फूल बघायचं ते झाडावर किंवा खाली पडलेलं. फांदी वाकवून फोटो काढायचा नाही, कळी खुडायची नाही. मोहाखाली पहाटे पडलेली फुलं तर उचलायचीच नाहीत. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक भागात झाडाखालची जागा झाडून ठेवलेली दिसली की समजा, तिथे कुणाच्या तरी घरची बाई पहाटेपासून मोहफुलं वेचते. ती तिची कमाई आहे. झाडून ठेवलेल्या जागेवरून चालतसुद्धा जाऊ नका.

पिवळा पळस दिसला तर फोटो खुशाल घ्या, पण जागा समाजमाध्यमांवर टाकू नका, फोटोतली ठिकाणाची माहितीही काढून टाका. वेगळ्या रंगाच्या पळसाला लोक औषधाच्या आणि गुप्तधनाच्या समजुतीपायी सोलतात. गावाचं नाव बाहेर गेलं की दोन हंगामांत झाडाची साल उरत नाही.

पहिल्या फेरीत आवडलेलं एक झाड निवडून त्याच्याकडे दर दोन आठवड्यांनी परत जा. पळस असेल तर फेब्रुवारीच्या मध्यात काळ्या कळ्या, होळीला फुलं, गुढीपाडव्याच्या आसपास फिकट हिरव्या चपट्या शेंगा आणि कोवळी तांबूस पानं दिसतील. मेच्या अखेरीस वळवाच्या आधी एकदा जा, सकाळी नको, वारा सुटतो त्या वेळी, संध्याकाळी. वाळलेल्या शेंगा एकेक करून सुटतात आणि बांध ओलांडून पलीकडच्या शेतात जाऊन पडतात.